मागे कोण उभं राहणार?

"मागे कोण उभं राहणार?" वेसेलमाननं विचारलं, आणि गुद्रुन पिओन्टेकनं चक्क मागे वळून पाहिलं. मागे हामच्या साप-सरड्यांच्या प्रदर्शनातली नेहमीची गर्दी होती. टेबलांच्या रांगा, प्लॅस्टिकच्या डब्यांच्या उतरंडी, लेकराला खांद्यावर घेऊन सरडे दाखवणारा एक बाप, सॉसेज खाता खाता अजगराच्या किमतीवरून घासाघीस करणारे दोघे. तिच्या मागे असं कोणी उभं नव्हतं. "इथलं नाही विचारत बाई," वेसेलमान म्हणाला. "घरी. पिंजऱ्याचं दार उघडाल तेव्हा. तुम्ही पुढे, आणि मागे कोण?" त्याच्या हातात उघडा डबा होता. डब्यात ओल्या कागदावर ॲनाकोंडाचं पिल्लू वेटोळं घालून पडलं होतं, अंगठ्याएवढं जाड, शेवाळी हिरवं, अंगभर काळे ठिपके. विचारायचे ते सगळे प्रश्न गुद्रुननं विचारून झाले होते. कात कितीदा टाकली, मेलेलं खातं की हलतंच लागतं, नर की मादी आणि ते तपासलं कुणी, आई कुठे आहे. प्रत्येक प्रश्नाला या माणसानं सरळ उत्तर दिलं होतं आणि तिला आतून बरं वाटत होतं, की तिचा नवरा वाल्डेमार आज असता तर त्यानंही हाच निवडला असता. उलटा एक प्रश्न आपल्याला येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

असा माणूस मिळावा म्हणून तिनं काय कमी पायपीट केली होती? जनावर मिळायला तोटा नाही, तोटा असतो तो माणसांचा. मागच्या महिन्यात जाहिरात वाचून ती एकाला पेट्रोल पंपाच्या आवारात भेटली होती. पोरगेलासा, हसतमुख माणूस. त्यानं गाडीची डिकी उघडून दाखवलेल्या जनावराच्या खवल्यांखाली गोचिड्या होत्या, एका डोळ्यावर जुन्या कातीचा पापुद्रा तसाच चिकटलेला होता. घरी जन्मलंय म्हणत होता. "आई दाखव," असं तिनं म्हटल्यावर त्यानं फोनवर कुठल्याशा प्राणिसंग्रहालयातला फोटो दाखवला. ज्याला पिल्लाची आई दाखवता येत नाही त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, हे वाल्डेमारचं ठरलेलं वाक्य. त्या पोरानं मात्र तिला काहीच विचारलं नव्हतं. कुठे ठेवणार, कशात ठेवणार, तुम्ही कोण, काही नाही. "पिशवीत घालून देऊ?" एवढंच म्हणाला होता, जशी काही ती मुळ्याची जुडी घ्यायला आली होती.

वेसेलमान मूळचा डुकरं पाळणारा शेतकरी, बोलायला कंजूष. "मुलगा," गुद्रुनच्या तोंडून निघून गेलं. "माझा मुलगा उभा राहील."

"तुमच्याजवळ राहतो?"

"ब्रेमेनला असतो."

वेसेलमाननं डब्याचं झाकण लावलं. रागानं नाही, दुकान बंद करायची वेळ झाली की माणूस लावतो तसं. "बाई, आज ही दोरी आहे. चार वर्षांनी तुम्ही आणि मी मिळून हिला उचलू शकणार नाही. मी आजचं जनावर विकतच नाही, चार वर्षांनंतरचं विकतो. मागे माणूस नसेल त्याला देत नाही. सख्ख्या भावाला दिलं नाही, तो अजून माझ्या दारात येत नाही."

"मी वीसेक वर्षं काढलीत मोठ्या मादीबरोबर."

"पुढे होतात की मागे?"

"मागे," गुद्रुन म्हणाली.

"मग तुम्हाला आणखी काय सांगायचं? मुलाला घेऊन शेतावर या. तुम्ही पिल्लाची आई बघा, मी तुमचा माणूस बघतो. तोवर हिला बाजूला ठेवतो."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं, की आपण खरोखर मागे वळून पाहिलं. पण हसू गेल्यावर ती मान वळवल्याची जाणीव मात्र मानेतच राहिली, उसण भरावी तशी. मागे. आयुष्यभर ती कुणाच्या ना कुणाच्या मागेच उभी होती आणि त्यात तिला कधी कमीपणा वाटला नव्हता, हे त्या डुकरवाल्याला कसं सांगणार? खाण बंद झाली आणि वाल्डेमार पन्नाशीतच घरी बसला, तेव्हा गल्लीतल्या बाकीच्यांनी कबुतरं धरली, भाजीचे वाफे धरले. यानं एके दिवशी उशीच्या अभ्रात घालून जनावर आणलं. ख्रिसमसला अख्खं बदक एकटीनं संपवून खुर्चीतच झोपणारी त्याची एक आत्या होती, तिचं नाव जनावराला ठेवलं, बेर्बेल. तळघरातली कपडे धुवायची खोली बेर्बेलला गेली. फरशा, उबदार ओल, पाण्याचा हौद, आणि श्रावणघेवड्याच्या कुजलेल्या वेलासारखा एक वास, जो पुढे गुद्रुनच्या केसांत, टॉवेलांत, पावातसुद्धा येऊ लागला. मागच्या अंगणात वाल्डेमार तिच्यासाठी ससे वाढवायचा. दर पंधरवड्याला रविवारी, कॉफी झाली की दोघं हौद धुवायला खाली जायची. तो आकड्यानं जनावराला आधी हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे त्याला कळावं की ही खाण्याची वेळ नाही. ते झालं की मागे न बघता विचारायचा, "आहेस ना?" आणि ती म्हणायची, "आहे." खाणीत कोळशाच्या भिंतीपाशी असंच विचारायचे म्हणे, अंधारात, एकमेकांना. वर आला की हा माणूस मीठ दे, खिडकी लाव, याच्यापलीकडे बोलायचा नाही. पण तळघरात तिला विचारायचा. दर पंधरवड्याला एकदा.

एका रविवारी सशाचा वास हाताला राहिला होता की काय, कोण जाणे, बेर्बेलनं त्याचा दंड धरला. धरला म्हणजे दात रुतवले आणि पापणी लवायच्या आत दोन वेढे टाकले. वाल्डेमार ओरडला नाही. फक्त म्हणाला, "शेपटीकडून." गुद्रुनला ते माहीत होतं. डोक्याकडून ओढायला गेलं की जनावर आणखी आवळतं. शेपटीचं टोक धरून वेढा उलटा सोडवत यायचा. तिनं तो सोडवला. हातांखाली ते अंग आकसत होतं, एका मोठ्या, गार, शांत ताकदीनं, आणि तिच्या कानांत स्वतःच्या श्वासाशिवाय काही नव्हतं. सुटल्यावर वाल्डेमार पायरीवर बसला, रक्त पुसलं आणि म्हणाला, "कॉफी टाक." त्या दिवशी ती सुखी होती. लग्नाच्या दिवशी होती त्याहून, टोर्बेन झाला तेव्हा होती त्याहून. हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, पण खरं ते खरं. आपण नसतो तर तो आज नसता, एवढी साधी गोष्ट किती जणांना आपल्या माणसाबद्दल ठामपणे सांगता येते?

पुढे त्याच्या छातीतली खाणीतली धूळ वर आली. त्या वेढ्याला शेपटी नव्हती. तो गेल्यावर डॉक्टरांनी तिला विश्रांतीसाठी डोंगरातल्या आरोग्यधामात पाठवलं, आणि ती तिथे चिखलाचे लेप लावून घेत असताना टोर्बेननं ब्रेमेनहून येऊन प्राण्यांच्या आश्रमवाल्यांना बोलावलं आणि बेर्बेल त्यांच्या हवाली केली. गुद्रुन घरी आली तर तळघर धुऊन पुसून लख्ख, औषधाचा वास, आणि हौदाच्या जागी नवीन वॉशिंग मशीन. वर लाल फीत बांधलेली. "आई, आता तरी तुला कपडे धुवायला जागा झाली," तो म्हणाला होता. ती म्हणाली होती, "छान आहे." पोरानं चांगल्या मनानं केलं होतं, म्हणून तर त्याच्यावर धड चिडताही येईना. बेर्बेल तिकडे वर्षभरात गेली. त्यांनी पत्रानं कळवलं, सभ्य भाषेत.

गेल्सेनकिर्शनमध्ये ती अजून ट्राम चालवत होती, निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. ट्राममध्ये चालकाच्या पायाखाली एक पट्टी असते. ती ठरावीक वेळानं दाबून सोडावी लागते. नाही दाबली तर गाडी समजते की चालक मेला, आणि आपसूक थांबते. नवीन पोरं त्या पट्टीला शिव्या घालतात. गुद्रुनला मात्र अलीकडे त्या पट्टीबद्दल एक विचित्र माया वाटू लागली होती. दिवसभरात तिला जिवंत आहेस का असं विचारणारी तीच एक. सोमवारी ती ट्राम चालवत होती, पट्टी दाबत होती आणि मनात एकेक माणूस तळघराच्या दारात उभा करून बघत होती. वाल्डेमारचा मित्र युप, नाकात ऑक्सिजनची नळी. डेपोतली उल्ला, सगळ्यांशी गोड आणि कुणाच्याच उपयोगाची नाही. चुलत बहीण, ती तर फोनही घेत नाही. ओळखीची माणसं इतकी होती की तिच्या साठीला हॉल भाड्यानं घ्यावा लागला होता. त्या हॉलमधून तिनं एकेकाला दारात आणलं, आणि एकेक जण तिथून निघून गेला. हा प्रश्न सापाचा नाही, असं तिला पुसटसं कळायला लागलं होतं.

संध्याकाळी ती शेजारच्या सेवगीकडे गेली. सेवगीचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं, घराच्या पुढच्याच खोलीत. वाल्डेमारच्या शेवटच्या दिवसांत रोज सूप आणून देणारी हीच. गुद्रुननं आडवळण न घेता विचारलं.

सेवगीनं तोंडातल्या टाचण्या काढून सुयांच्या गादीला टोचल्या. "ताई, तुम्हाला मूत्रपिंड हवंय का? उद्या देते. पण त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाव काढू नका."

"नुसतं मागे उभं राहायचं असतं."

"नुसतं? तुमच्या त्या बेर्बेलनं कात टाकली होती ना, वाल्डेमारभाऊंनी कौतुकानं मला दाखवायला आणली. महिनाभर मी मोजे झटकून घालत होते." मग ती जरा गंभीर झाली. "कशाला हवंय ताई? मांजर पाळा. मांजराला काय, एकटं माणूस चालतं."

"म्हणूनच नको," गुद्रुन म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो ते तिचं तिलाच समजलं नाही.

ते तिला समजलं टोर्बेनला फोन केल्यावर. तिनं सगळं सांगितलं; पिल्लू, वेसेलमान, अट. पलीकडे टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. तो ओरडेल, डॉक्टरांचं नाव काढेल, असं तिनं गृहीत धरलं होतं.

"किती वेळा यावं लागेल?" त्यानं विचारलं.

"आत्ता नाही लागणार. मोठी झाली की. पंधरवड्याला, रविवारचं." आणि लगेच, स्वतःच्या आवाजात न मावणाऱ्या घाईनं, "पण आत्तापासून सवय केलेली बरी ना. जनावराला वास ओळखीचा होतो."

"बरं," टोर्बेन म्हणाला. "येतो मी या रविवारी."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिला स्वतःची लाज वाटली. जनावराला वास ओळखीचा होतो. असं काही नसतं. तिला साप हवाच होता, नाही असं नाही; तो भार, ती उबदार ओल, हातांना काम हवंच होतं. पण त्याहून तिला पंधरवड्याचा रविवार हवा होता, आणि नुसता रविवार मागायची तिची छाती नव्हती. ये म्हटलं असतं तर त्यानं कामं सांगितली असती, आणि त्याचंही खोटं नव्हतं. मागे उभं राहायला ये म्हटल्यावर तो यायला तयार झाला. म्हणजे तिनं पिल्लाचं आमिष लावलं होतं पोराला. लाज वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही. शनिवारी तिनं खिम्याचे गोळे तळले, बटाट्याचं सॅलड केलं, आणि पहिल्यांदाच त्या नवीन वॉशिंग मशीनमध्ये चांगला टेबलक्लॉथ धुऊन काढला.

टोर्बेन आला तो चांगले बूट घालून. सगळं जेवला, दोनदा वाढून घेतलं. पस्तिशी ओलांडलेला, पुढून केस विरळ झालेला, विम्याच्या कचेरीत काम करणारा हा माणूस गाडी चालवताना वाल्डेमारसारखाच खालचा ओठ आत घेत होता. शहर मागे पडलं, मक्याची शेतं लागली, तेव्हा तो म्हणाला, "बाबांनी मला कधी आत येऊ दिलं नाही."

"लहान होतास तू."

"आई, शेवटी शेवटी मी तिशीला आलो होतो."

ती हसली. तोही हसला.

"आणि बाबांनी तरी तुझ्याकडे कधी वळून पाहिलं? तू नुसती त्यांच्या पाठीमागे," तो म्हणाला. मग जरा थांबून, रस्त्यावरची नजर न काढता, "बेर्बेलला पाठवलं ते चुकलंच माझं. तुला विचारायला पाहिजे होतं."

"झालं ते झालं."

"या वेळी नीट करू. मी येत जाईन. खरंच." आणि गुद्रुननं त्यावर विश्वास ठेवला. गेल्या कित्येक वर्षांत तिनं इतक्या सहज कशावरही विश्वास ठेवला नव्हता. पायांखाली दाबायला पट्टी नसलेल्या त्या गाडीत ती मागे रेलून बसली, आणि तिला चक्क डुलकी लागली.

वेसेलमानच्या शेतावर डुकरांच्याच गोठ्यात सापांचे कप्पे केलेले होते. डुकरांच्या पिल्लांना ऊब मिळावी म्हणून घातलेली फरशीखालची नळ्यांची उष्णता आता सापांच्या कामी येत होती. आत शिरल्याबरोबर तो वास आला, आणि गुद्रुनचे डोळे भरून आले. वेसेलमाननं हाक मारल्यावर त्याची बायको आग्नेस पिठाचे हात ॲप्रनला पुसत आली आणि न सांगता त्याच्या मागे, डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. दोघांनी एका कप्प्याचं पाणी बदललं. एक शब्द नाही. तो सरकला की ती सरके. गुद्रुन बघत राहिली. तिला हेवा वाटला, आणि तो तिनं स्वतःपाशी मान्य केला.

"आता तुम्ही," वेसेलमान म्हणाला. "पिल्लाची आई. आज ती पोटभर जेवलेली आहे, काही करायची नाही. मी आत कोपऱ्यात असेन, पण मी नाहीच असं समजा." त्यानं टोर्बेनकडे पाहिलं. "तुम्ही बाईंच्या मागे, दोन हातांवर. दार तुमच्या पाठीशी उघडं. डोळे जनावरावर नाही, बाईंच्या हातांवर. जमेल?"

"जमेल," टोर्बेन म्हणाला. त्यानं कोट काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवला.

कप्पा माणूस उभा राहील एवढा उंच होता, पुढून जाळीचा. हौदात पाणी स्थिर, आणि पाण्यात ती. नुसतं नाकपुड्यांचं टोक वर. गुद्रुन आकडा घेऊन पुढे गेली. पहिल्यांदाच पुढे. तिला वाटलं होतं भीती वाटेल, पण वाटली ती एक मोठी मोकळीक, समोर कुणाची पाठ नसल्याची. वाल्डेमारला हे असं दिसत असणार, तर. ती वाकली, आकड्यानं पाण्यातल्या पाठीला स्पर्श केला. पाणी हललं. आधी डोकं वर आलं, माणसाच्या तळहाताएवढं, मग मान, मग हौदाच्या कडेवरून तो सगळा भार सावकाश बाहेर उतरू लागला आणि फरशीवर धप्पकन पडला. पाणी गुद्रुनच्या बुटांवर उडालं. जनावर तिच्याच दिशेनं येत होतं, पण रागानं नाही, ऊब शोधत येतात तसं. तिला ते कळत होतं. आता दोन पावलं मागे घ्यायची, आणि मागच्या माणसानं बाजूला व्हायचं, एवढंच. तिनं पाऊल मागे घेतलं.

मागून कडी पडल्याचा आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. टोर्बेन जाळीच्या पलीकडे होता. दार लावलेलं होतं, कडी सरकवलेली होती, आणि दोन्ही हातांनी तो ती कडी दाबून धरून उभा होता, सगळा जोर लावून, जणू कुणी आतून ढकलत होतं. त्याचे डोळे तिच्यावर होते, पण तिला बघत नव्हते. "उघडा," वेसेलमान कोपऱ्यातून हळू आवाजात म्हणाला. टोर्बेन हलला नाही. "अहो, उघडा दार." मग आग्नेस आली. तिनं त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत, लहान मुलाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तशी, त्याची बोटं कडीवरून एकेक करून सोडवली. तोवर जनावर गुद्रुनच्या बुटांपाशी येऊन, तिथे काही उबदार नाही असं पाहून, परत हौदाकडे वळलंही होतं.

आग्नेसनं कॉफी आणि केक मांडला. टोर्बेननं केकची बशी बाजूला सरकवली. वेसेलमान पिल्लाचा डबा आणायला उठला नाही, की नाही म्हणूनही बोलला नाही. तो ते तिच्यावर सोडून बसला होता, हे गुद्रुनला कळलं आणि त्याबद्दल तिला त्याचा आदर वाटला. "ते पिल्लू दुसऱ्या कुणाला देऊन टाका," निघताना ती म्हणाली. "मागे माणूस असेल अशाला." त्यानं मान डोलावली आणि तिचा हात जरा जास्त वेळ हातात धरला.

मक्याच्या शेताकडेला टोर्बेननं गाडी बाजूला घेऊन थांबवली. दोन्ही हात चाकावर ठेवून तो समोर बघत राहिला. "मी नाही केलं ते," तो म्हणाला. "हात आपोआप गेला. आई, मी विचार केला असता तर. मला कळायच्या आत दार लावून झालं होतं. आणि तू आत होतीस." मग त्यानं कपाळ चाकावर टेकलं. खांदे हलू लागले. गुद्रुन त्याच्याकडे बघत होती. तिला कळत होतं की हा खरं बोलतो आहे. विचार केला असता तर तो उभा राहिला असता. चांगलं पोर आहे. पण त्या दारात विचार करायला वेळ नसतो. तिथे जे आत असतं तेच बाहेर येतं, वाल्डेमारला न वळता जे विचारता यायचं, आणि तिला न थांबता जे उत्तर देता यायचं, ते. ते शिकवून येत नाही, खिम्याचे गोळे खाऊ घालून येत नाही, रविवार मोजून येत नाही. हे त्याला सांगायचं नाही, कधीही नाही, हे तिनं ठरवलं. आता घरी जायचं होतं, त्याला अजून ब्रेमेनपर्यंत गाडी चालवायची होती, आणि अशा अवस्थेत त्याला सोडणं बरं नव्हतं. तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला. मान घामानं गार पडली होती.

"कडी अगदी नीट लावली होतीस," ती म्हणाली. "जनावर बाहेर आलं नसतं."